आजींना जिना चढवत नाही : आमच्या रविवारच्या मराठी वर्गाबद्दल खुलं पत्र

मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांना, वर्ग घेणाऱ्या काकूंना, आणि वर्गाला मुलं पाठवणाऱ्या आपल्या सगळ्या आईबाबांना,

सप्रेम नमस्कार.

हे ग्रुपवर टाकलं असतं तर सकाळच्या गुलाबांखाली आणि सुविचारांखाली तासाभरात दबून गेलं असतं, आणि मंडळाच्या ऑफिसात येऊन बोलायचा प्रयत्न मागे दोनदा केला, दोन्ही वेळा 'अगं ये ये, आधी पोहे घे' झालं, पोहे छान होते, विषय राहिला, तो म्हणजे आपल्या मराठीच्या वर्गात मुलं मराठी बोलतच नाहीत. म्हणून हे असं उघड लिहितेय. मंडळाचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण इंदुरात असे वर्ग आणखीही ठिकाणी चालत असतील आणि कोणाला 'अरे, आमच्याकडे पण हेच' वाटलं तर त्यांनीही वाचावं. आणि काकू, तुम्हाला आधीच सांगते, ही तुमची तक्रार नाहीये. रविवारची सकाळ सोडून, एक पैसा न घेता, सव्वीस मुलांना दीड तास धरून बसणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, मी स्वतः सोळा वर्षं शाळेत इंग्लिश शिकवतेय आणि मला तर त्याचा पगार मिळतो.

झालं असं की गेल्या महिन्यात एका रविवारी पाऊस एवढा होता की लेकीला सोडून घरी जाऊन परत यायचा कंटाळा केला आणि मागच्या बाकावर बसून राहिले. बसल्या बसल्या जुनी सवय जागी झाली. आम्हाला बी.एड.ला फ्लँडर्स नावाच्या अमेरिकन माणसाची पद्धत होती, वर्गात कोण किती बोलतं ते मोजायची. दर तीन सेकंदांनी एक नोंद करायची, आणि नोंदीचे दहा प्रकार, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं तेव्हा, सात-दोन-एक, पुढे विसरून गेलेले. त्या दिवशी लेकीच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि खुणा करत बसले.

अर्ध्या तासाचं ते पान अजून माझ्याकडे आहे, कोणाला बघायचं असेल तर दाखवेन. शिक्षकाच्या खान्यांत खुणांचं जंगल, मुलांच्या खान्यांत कुठेतरी एखादं झाड. आणि त्यातली बहुतेक झाडं एका शब्दाची. माझी लेक त्या अर्ध्या तासात दोनदा बोलली. एकदा 'लाल' आणि एकदा 'हो'.

घरी येऊन मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, मग सोमवारी शाळेत माझ्याच सातवीच्या तासाला फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग केलं. रात्री ऐकलं. सगळा तास मीच! मुलांचा आवाज म्हणजे 'यस मॅम', 'नो मॅम' आणि मध्ये एकाने पाणी प्यायला जाऊ का विचारलं, तेवढंच त्या तासातलं खरं वाक्य, कारण त्याला खरंच पाणी प्यायचं होतं. तेव्हा काकू, आपण दोघी एकाच बोटीत आहोत आणि हे पत्र मी थोडं मलाही लिहितेय असं समजा.

आपल्या वर्गात नेमकं काय होतं ते सांगते. काकू चित्र दाखवतात. 'हे काय आहे?' 'फूल!' 'शाब्बास. फुलाचा रंग कोणता?' 'लाल!' 'शाब्बास.' १९७५ मध्ये सिंक्लेअर आणि कूलथार्ड या दोघांनी इंग्लंडमधल्या शाळांच्या तासांतलं बोलणं उतरवून त्याची रचना मांडली तेव्हा हाच तिपेडी वेणीचा साचा सापडला होता, शिक्षक विचारणार, मूल उत्तर देणार, शिक्षक बरोबर की चूक सांगणार, की पुढची तीन पेडं सुरू. म्हणजे हा काही आपल्या मंडळाचा शोध नाही, जगभर असंच चालतं. पण बघा ना, तीनपैकी दोन पेडं कायम शिक्षकाची. आणि फूल लाल आहे हे काकूंना माहीत आहे, मुलाला माहीत आहे, शेजारच्याला माहीत आहे. ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत आहे तो प्रश्न घरी कोणी कोणाला विचारतं का? मी नवऱ्याला विचारलं, 'हा पंखा आहे का?' तर तो डॉक्टरला फोन लावेल.

आता इंदूरची खास गोष्ट. पुण्यातून किंवा परदेशातल्या मराठी शाळांतून आपण अभ्यासक्रम उचलतो आणि पहिले दोन-अडीच महिने अ आ इ ई, क ख ग घ, बाराखडी. अहो, आपल्या पोरांना देवनागरी येते! हिंदी आहे की शाळेत. न्यू जर्सीच्या मुलाला बाराखडी शिकवायला लागते, सुदामानगरच्या मुलाला कशाला? त्याला नवीन काय आहे, तर ळ. 'पुरणपोली' म्हणतात आपली मुलं, 'बाल रडतंय' म्हणतात. मग चमच्यातला, चाकातला च आणि झाडातला झ. यावर मेहनत घ्या ना, जरूर घ्या, पाठ करवून घ्या, जीभ वळायला घोकंपट्टीच लागते. पण ते काम दोन-तीन रविवारांचं आहे. बाकीचे रविवार मुलं आधीच येणारी अक्षरं सुंदर वळणात काढतात आणि आपण वही बघून खूश होतो की मराठी शिकतायत. पालकही वहीच बघतात, हे मान्य, मी पण बघायचे. वही भरलेली दिसते, बोलणं दिसत नाही.

या मुलांना खरं अडतं कुठे ते लिहून काढता येत नाही, तोंडातून निघतं तेव्हाच कळतं. माझी लेक आठ वर्षांची. माझ्या सासरी हिंदी, त्यामुळे घरात मराठी म्हणजे मी आणि शनिवारी रामबागेत आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे. मागे एकदा जेवताना पोरगी म्हणाली, 'आपण नाही खाणार कारलं.' आता तुम्ही इंदूरचे असाल तर तुम्हाला कळेल हे कुठून आलं, आपल्या इथल्या हिंदीत 'अपन तो नहीं खाएँगे' म्हणजे मी नाही खाणार. आईला पण कळलंच असणार, सगळा जन्म इथे गेलाय तिचा, पण ती सरळ चेहऱ्याने म्हणाली, 'का गं, मी काय केलंय? मी पण नाही खायचं?' पोरगी गोंधळली. म्हणाली, 'नाही, तू खा ना.' 'मग तू म्हणालीस ना आपण नाही खाणार?' थोडा वेळ विचार करून, 'मी नाही खाणार. तू खा.' 'आणि आपण काय करायचं?' 'आपण... आपण दही खाऊ या.' संपलं. आपण, मी, आम्ही हा धडा तिथे कारल्याच्या वाटीवर झाला आणि पक्का झाला. हिंदीत 'हम'मध्ये समोरचा आहे की नाही ते अंदाजाने घ्यायचं, मराठीत 'आम्ही' म्हटलं की तू बाहेर आणि 'आपण' म्हटलं की तू आत. हा फरक फळ्यावर कसा दाखवणार? त्याला समोर कोणीतरी लागतो जो आत असेल किंवा बाहेर असेल आणि बाहेर ठेवला तर ज्याला थोडंसं लागेल.

आणि आईचं अजून एक भांडवल म्हणजे तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यामुळे प्रत्येक तिसऱ्या वाक्याला 'काय? काय म्हणालीस? पुन्हा सांग.' आणि लेक पुन्हा सांगते, थोडं सावकाश, थोडं वेगळ्या शब्दांत, कधी हात नाचवून. मायकल लाँग म्हणून भाषेचे एक अभ्यासक होऊन गेले, त्यांनी १९८० च्या दशकापासून हेच मांडलं की नवी भाषा शिकताना जिथे समजायला अडतं आणि दोघं मिळून ते सोडवतात, 'म्हणजे काय?', 'हे म्हणायचंय का?', तिथे शिकणं होतं, कारण त्या क्षणी मुलाचं लक्ष अर्थावर पण असतं आणि शब्दावर पण. मी हे एम.ए.ला वाचलं, उत्तर लिहिलं, मार्क मिळवले. आणि ते प्रत्यक्ष चालताना बघायला मला माझ्या आईचा कान लागला! वर्गात असं अडणं होतच नाही, कारण एका शब्दाच्या उत्तरात अडण्यासारखं असतंच काय.

आपल्या मराठी घरांत एक वाक्य ठरलेलं आहे, कोणाच्याही घरी जा, पोराच्या डोक्यावर हात ठेवून आई सांगणार, 'कळतं हो सगळं त्याला, बोलत नाही फक्त.' मी पण म्हणायचे. जणू काही कळतंय ना, मग बोलणं एक दिवस आपोआप उतू येईल. तर असं होत नाही, आणि हे कॅनडात फार मोठ्या प्रमाणावर दिसलंय. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना सगळी शाळाच फ्रेंचमधून देण्याचे वर्ग १९६५ पासून सुरू झाले. वर्षानुवर्षं रोज फ्रेंच कानावर. मेरिल स्वेन या बाईंनी त्या मुलांचा अभ्यास केला तर ऐकून वाचून समजण्यात मुलं फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचलेली, पण बोलायला आणि लिहायला लागली की व्याकरण लंगडतंय. १९८५ मध्ये त्यांनी कारण मांडलं ते मला फार पटतं. ऐकताना माणूस व्याकरण न बघताही अर्थ ओढून घेतो, संदर्भ असतो, चेहरा असतो, अर्धे शब्द कळले तरी चालतं. बोलताना ती सोय नाही. 'पुस्तक' म्हटलं की पुढे माझा, माझी की माझं, ठरवावंच लागतं. कानाला पळवाट असते, जिभेला नसते. आणि त्या वर्गांत मुलांना लांब बोलायची वेळच कमी यायची. रोजची पूर्ण शाळा मिळूनही त्यांचं हे झालं, आपल्याकडे तर आठवड्याला दीड तास आहे, त्यातही दोन शब्द. लाल आणि हो.

त्यावरून आठवलं, मागच्या बैठकीत कोणीतरी सुचवलं की पालकांनी घरी मराठी सीरियल लावून ठेवाव्यात, कान तयार होतो. लावा, मला काही अडचण नाही, माझ्या आईकडे त्या दिवसभर चालूच असतात. पण पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग छापला होता, अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं, त्यांना चिनी बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून बारा वेळा खेळवलं, गोष्टी वाचल्या, तर बाळांना चिनीतले आवाज वेगळे ओळखता यायला लागले. तेच बोलणं तेवढंच टीव्हीवर दाखवलं, दुसऱ्या बाळांना नुसतं ऐकवलं, तर काही नाही. शून्य. आता ती बाळं आणि आपली आठ-दहा वर्षांची मुलं, हिशोब सरळ लागू होत नाही हे मान्य, मोठी मुलं टीव्हीवरून शब्द उचलतातच. पण सीरियलमधली सासू तुमच्या पोराला 'काय म्हणालास?' असं विचारणार नाही, एवढं तर खरं.

आमच्या पिढीला कुठला वर्ग होता सांगा? २००१ मध्ये इंदुरात साहित्य संमेलन झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, मी सतरा वर्षांची, बिल्ला लावून पाण्याचे ग्लास वाटत फिरत होते आणि पुण्यामुंबईचे लोक म्हणत होते 'अरे वा, तुम्ही किती छान बोलता मराठी, जरा हिंदी वास येतो पण गोड वाटतं.' वास तर येणारच, होळकरांबरोबर आलो तेव्हापासून इथलंच पाणी पितोय. पण बोलत होतो ना! कारण वाड्यात खाली-वर मिळून चार आज्या होत्या, त्यांची निरोप्या मी. 'वरच्या काकूंना सांग कुकर लावू नका, आज आपल्याकडे जेवायला या.' निरोप चुकीचा पोचला तर कुकर लागायचा. म्हणजे बोलण्याला काम होतं. आता फ्लॅट आहे, निरोप व्हॉट्सअॅपवर जातो, आणि बोलायची जागा म्हणून आपण हा रविवारचा वर्ग काढला, आणि त्यात मुलांना गप्प बसवलं. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे किती फोटो आले आठवतात? एकाही फोटोखाली कुठल्या मुलाने एक ओळ लिहिलेली नव्हती.

आता चुका सुधारण्याबद्दल, कारण यावर आपल्यात दोन पार्ट्या आहेत. एक काकूंची, प्रेमाची. मुलगी म्हणते 'काकू, माझी पुस्तक घरी राहिली', काकू म्हणतात 'हो का बाळा, तुझं पुस्तक घरी राहिलं?', मुलगी म्हणते 'हो' आणि पळते. काकूंना वाटतं सुधारलं. मुलीला वाटतं काकूंनी ऐकलं. दोघी खूश, पुस्तक स्त्रीलिंगीच. कॅनडातल्याच चार फ्रेंच वर्गांत लिस्टर आणि रांटा यांनी मोजलं होतं, १९९७ मध्ये छापलं, शिक्षकांच्या सुधारणांमध्ये निम्म्याहून जास्त ही अशी हळूच बरोबर करून म्हणण्याची, आणि मुलांनी आपलं वाक्य स्वतः दुरुस्त करण्याच्या बाबतीत हीच सगळ्यात कमी कामाची. शिक्षकाने उत्तर हातात न देता मुलाकडूनच काढलं तेव्हा मुलं जास्त सुधारली. म्हणजे 'माझी...? पुस्तक...?' म्हणून भुवई वर करून थांबायचं. बस. एवढंच. मूल म्हणतं, 'माझं, माझं पुस्तक.' ते त्याच्या तोंडून निघालं पाहिजे, तुमच्या नाही.

दुसरी पार्टी कोणाची ते नाव घेत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. 'ही काय मराठी आहे का, ही तर हिंदी झाली, हा हा हा.' पाहुण्यांसमोर. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, बारा वर्षांचा, एका कार्यक्रमात स्टेजवर 'मला भूख लागली' म्हणाला आणि हॉल हसला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, पण त्यानंतर तो वर्गात आला नाही, आणि घरी आजोबांशी पण हिंदीतच बोलतो आता. आजोबा मराठीत विचारतात, हा हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांची गाडी चालते आहे, कुठे अडत नाही, हेच तर दुःख आहे.

आणि थांबण्याबद्दल. आपण थांबत नाही हो! मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात शाळांतल्या विज्ञानाच्या तासांत मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. एक सेकंदाचे तीन सेकंद! आपल्या मुलांना तर अजून जास्त लागतात, कारण डोक्यात वाक्य हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये उभं राहतं, मग ते मराठीत आणायचं, मग माझा-माझी-माझं करायचं. तोवर काकूंनी सांगून टाकलेलं असतं, नाहीतर पहिल्या बाकावरची ती हुशार मुलगी, जिच्या घरी दोघंही मराठी आहेत, ती ओरडते. मी माझ्या वर्गात मनात 'एक पोहे, दोन पोहे, तीन पोहे' म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ती शांतता एवढी जड वाटली की घाम फुटला. चौथ्या दिवशी एक मुलगी बोलली जिचा आवाज मी जूनपासून ऐकलाच नव्हता.

हां, आता तुम्ही म्हणाल, आणि सचिवकाका म्हणालेच होते, 'मुलांना मोकळं सोडलं की ती हिंदीत बोलतात, मग काय फायदा?' हे खरं आहे. याला माझ्याकडे जादूची कांडी नाही. काकूंची पाठ वळली की सव्वीसच्या सव्वीस हिंदीत, आणि का नाही बोलणार, समोरच्याला हिंदी येतं हे त्यांना पक्कं माहीत आहे, अगदी अध्यक्षकाकांनाही येतं, तेही भाजीवाल्याशी काय मराठीत बोलतात? पण त्यावर हिंदी बोललं की पाच रुपये दंड, हा जो ठराव येऊ घातलाय, त्याला माझा पूर्ण विरोध आहे, लिहून घ्या. दंडाने हिंदी थांबेल, मराठी सुरू होणार नाही. मधली जी जागा आहे ना, ती गप्प बसण्याची आहे, मुलं तिथे जाऊन बसतील. पाच रुपये वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय तोच आहे.

मग करायचं काय. आपल्याच देशात बंगलोर-मद्रासकडे १९७९ ते १९८४ या काळात प्रभू नावाच्या गृहस्थांनी साध्या शाळांत एक प्रयोग केला होता, इंग्लिश शिकवायचं पण इंग्लिशचा धडा न घेता. मुलांसमोर नकाशा ठेवायचा, रेल्वेचं टाइमटेबल ठेवायचं, आणि त्यावर एक काम द्यायचं जे डोकं लावल्याशिवाय होत नाही, बोलणं त्या कामाच्या ओघात. मला हे फार आवडतं कारण यात काही खर्च नाही. आपल्याकडे अवंतिका एक्सप्रेस किती वाजता सुटते आणि मुंबईला किती वाजता पोचते, मामाकडच्या मुंजीला पोचायचं तर कुठली गाडी धरायची, एवढ्यावर अर्धा तास भांडण होऊ शकतं. किंवा सराफा! रात्री दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावरचा, खाऊगल्लीचा. एका मुलाकडे पदार्थांच्या भावांची यादी, भुट्ट्याचा कीस, दहीवडा, गराडू, जलेबी, दुसऱ्याकडे फक्त पैसे किती आहेत आणि कोण काय खात नाही याची चिठ्ठी. यादी एकमेकांना दाखवायची नाही, विचारायचं. दोनशे रुपयांत चौघांचं पोट भरायचं. मी हे घरी लेकीच्या मैत्रिणींबरोबर करून बघितलं. पाच मिनिटांनी 'तुझ्याकडे गराडू कितीचा आहे?', 'कितीची? कितीचं?', 'अरे कितीला आहे बोल ना यार!' असं सुरू झालं. 'यार' आलं, चालायचंच, ते इंदूर आहे. पण 'कितीला' सापडलं ना, आणि कोणी शिकवलं नाही.

प्रभूंनी मात्र मुलांचे गट फारसे केले नव्हते, त्यांना वाटायचं कच्चं बोलणाऱ्यांनी कच्चं बोलणाऱ्यांशीच बोललं तर कच्चंच पक्कं होईल. त्यात तथ्य आहे, आणि आपल्याकडे तर वर हिंदीची घसरगुंडी. म्हणून प्रत्येक गटात एक पक्कं बोलणारं माणूस हवं. आणि मंडळी, ही माणसं आपल्याकडे आहेत! वर दुसऱ्या मजल्यावर वर्ग चालू असतो आणि त्याच वेळी खाली हॉलमध्ये सात-आठ आजोबा पत्ते कुटत बसलेले असतात आणि तीन-चार आज्या पुढच्या भिशीचा हिशोब करत असतात. वर मुलं मराठी ऐकायला माणूस नाही म्हणून फळ्यावरून फूल उतरवतायत, खाली मराठी बोलायला माणूस नाही म्हणून आजोबा पत्त्यांना शिव्या देतायत. मध्ये फक्त दोन जिने.

त्यांना शिक्षक करू नका हं. शिक्षक म्हटलं की आजोबा लगेच खुर्ची सरळ करून 'शुद्धलेखनाचे नियम' सुरू करतील, आमच्या एका मामांचं झालंय तसं. त्यांनी फक्त काहीतरी करायचं, मुलांबरोबर. पत्त्यांचा डाव शिकवा ना मुलांना! 'हुकूम काय बोललास?' 'आपले किती हात झाले? आपले, का त्यांचे?' आपण आणि ते, सगळं व्याकरण पत्त्यांत आहे. एका आजोबांमागे चार मुलं. काकू मधे मधे फिरतील, 'माझी...?' म्हणून भुवई वर करतील, शेवटची वीस मिनिटं त्या सगळ्यांना गोळा करून ळ घोटून घेतील, झालं. योजना हिंदीत ठरवली मुलांनी तरी चालेल, आजोबांना सांगताना मराठीत सांगायची. ऐकणारा मराठीचा हट्ट धरून बसलेला चालेल, रागावणारा नको.

गॅदरिंगचं पण जाता जाता बोलून घेते, माझ्यावर चिडणार आहातच तर एकदाच चिडा. दरवर्षी मुलं कविता म्हणतात, हातवारे करून, आणि 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो'चं भाषण असतं. ते राहू द्या, पाठांतर वाईट नाही, उच्चार सुधारतात, आज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, मलाही येतं. पण त्याला मराठी बोलणं समजू नका. गेल्या वर्षी ज्या मुलाला पहिलं बक्षीस मिळालं त्याला स्टेजवरून उतरल्यावर मी विचारलं, 'कोणी शिकवलं रे एवढं छान?' तर म्हणाला, 'मम्मी ने.' यंदा त्या भाषणानंतर समोरच्या कोणीतरी दोन प्रश्न विचारायचे आणि मुलाने मनाने उत्तर द्यायचं, असं ठेवा. तुटकं येईल, चालेल. टाळ्या तिथे वाजवू.

एवढं सगळं लिहिलं, आता मागते काय ते ऐका. वर्षभराचा अभ्यासक्रम बदला वगैरे काही नाही, दिवाळीपर्यंतचे चार रविवार द्या. त्या चार रविवारी फळा भिंतीकडे तोंड करून ठेवू. मी मागच्या बाकावर बसून पुन्हा खुणा करीन, पहिल्या रविवारचं पान आणि चौथ्या रविवारचं पान तुमच्यासमोर ठेवीन, मुलांच्या खान्यांत जंगल वाढलं नाही तर बाराखडी सुरू करा, मी स्वतः वह्या आखून देईन. दंडाचा ठराव तेवढा पुढे ढकला. आणि माझी आई यायला तयार आहे, कारल्यासकट. फक्त तिचा गुडघा दुखतो, दोन जिने तिला चढवत नाहीत, खालच्या आजोबांपैकी निम्म्यांना पण चढवत नसतील. तर वर्ग खालच्या हॉलमध्ये घ्या आणि येत्या रविवारच्या आत कळवा, म्हणजे तिला रिक्षा सांगून ठेवता येईल.

आपली,
रविवारच्या वर्गातल्या एका मुलीची आई
इंदूर